दोर किती ओढला?

विज्ञान केंद्राच्या दारातून आत शिरलं की आमच्या घराची सरळ फाळणी होते. नवरा आणि मी आधी पाटी वाचतो. काय करा, काय दिसेल, असं का होतं, हे सगळं रीतसर वाचून प्रयोगाकडे वळेपर्यंत तिथे भलत्याच कुणाची तरी मुलं लोंबकळत असतात. धाकटा दुसरीत आहे, त्याला पाटी दिसतच नाही. हँडल दिसलं की फिरवायचं, बटण दिसलं की दाबायचं आणि काही घडायच्या आत पुढच्या टेबलाकडे धूम ठोकायची. थोरली नववीत. ती पाटीचा मथळा तेवढा वाचते, "हे आम्हाला झालंय" म्हणते आणि मोबाइल काढते. आई बाक कुठे आहे ते हेरते. आणि बाबा? ते हँडलला हात लावायच्या आधी खाली वाकतात आणि ते पलीकडे कशाला जोडलंय ते बघतात.

दिवाळीच्या सुट्टीत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेलो तेव्हा प्रयोगांइतकंच मी बाबांचं हे वाकणं बघत होते.

ठाण्याहून वरळी म्हणजे तसा द्राविडी प्राणायाम. दादरला उतरा, पूल चढा, पश्चिमेच्या स्लो गाडीत घुसा, महालक्ष्मीला पुलावरून धोबीघाट दाखवा, मग टॅक्सी. आता भुयारी मेट्रोचं स्टेशनही झालंय तिथे, पण आमच्या आईचा जमिनीखालच्या गाडीवर अजून विश्वास बसायचाय. रविवार मुद्दाम टाळला. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि नातवंडं एकाच दिवशी सांभाळायचं वय आमच्यात कुणाचंच राहिलेलं नाही.

या केंद्रात आधी बाग आली आणि इमारत मागाहून. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालकवर्ष होतं, तेव्हा मुलांसाठी खुली विज्ञानबाग सुरू झाली. संपूर्ण केंद्राचं उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. इमारत अच्युत कानविंदे यांची. कानविंदे मूळचे आचऱ्याचे, आणि माझ्या नवऱ्याचं आजोळ मालवण. त्यामुळे पायऱ्या चढताना ही वास्तू सिंधुदुर्ग जिल्ह्याचीच आहे, असं त्याने मुलांना ऐकवलं. मुलांनी ऐकलं नाही.

बागेत वाफेचं रेल्वे इंजिन आहे, जुनी ट्राम आहे, वाफेवर चालणारी लॉरी आहे आणि चक्क एक लढाऊ विमान आहे. ते ‘मरुत’. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली बंगळुरूला आरेखन झालं, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. धाकट्याला विमानात बसायचं होतं. ठाणेकराला मात्र वाफेचं इंजिन दाखवलं की १६ एप्रिल १८५३ हा दिवस आणि बोरीबंदर ते ठाणे ही वाट उच्चारल्याशिवाय त्याला पुढे सरकता येत नाही. तो विधी मी पार पाडला. बाबांनी तोवर इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा निरखून घेतला होता. "हा दांडा चाकाच्या मधोमध का नाही लावला?" त्यांनी थोरलीला विचारलं. तिने खांदे उडवले. "मधोमध लावला तर ढकलून चाक फिरेल का?" आता तिने खरंच चाकाकडे बघितलं.

बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारे. आता वागळे इस्टेट म्हटलं की लोकांना पासपोर्ट ऑफिस आठवतं, आयटी कंपन्यांच्या काचा आठवतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमधली ही एक. माझ्या लहानपणी सकाळी भोंगा झाला की रस्ते सायकलींनी भरायचे. कंपनीच्या फाटकाच्या आत आम्हाला प्रवेश मिळायचा तो वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. आदल्या दिवशी सगळं खातं धुऊनपुसून काढलेलं असे. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलिंग मशीनला हळदीकुंकू, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडलेले. कामगारांच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून नवऱ्यांची मशीनं बघायला आलेल्या. मशीनला त्या दिवशी वीज नसायची. बाबा माझा हात लेथच्या चकवर, म्हणजे वस्तू पकडून फिरणाऱ्या भागावर, ठेवायचे आणि म्हणायचे, फिरव. तेलकट, थंडगार, जड. पहिल्यांदा हलायचं नाही, मग हलायचं, आणि मग थांबवायलाही तितकाच जोर लागायचा. जडत्वाचा धडा शाळेत आला तेव्हा मला तो नवा वाटला नाही.

शाळेच्या सहलीतून याच केंद्रात आले होते तेव्हा बाईंनी बसमधूनच बजावलं होतं: रांग मोडायची नाही, कशालाही हात लावायचा नाही. हात लावण्यासाठीच बांधलेल्या जागेत आम्ही हात मागे बांधून फिरलो. खंडेनवमीला जे करायला मिळे ते इथे तिकीट काढूनही मिळालं नाही, याचा राग मला कितीतरी वर्षं होता. आता मुलांना घेऊन जाताना तो राग मी पुरेपूर वसूल करते. कशालाही हात लावा म्हणते.

आतल्या दालनात एका टेबलावर उताराचे दोन रूळ असतात. वरच्या टोकाकडे ते एकमेकांपासून लांब जातात. त्यांच्यावर ठेवायला दोन शंकू बुडांशी चिकटवल्यासारखा, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता असा एक तुकडा. तो खालच्या टोकाला ठेवला की आपला आपण चढण चढायला लागतो. धाकट्याला या प्रयोगाने पळू दिलं नाही. पुन्हा खाली आणायचा, सोडायचा, पुन्हा तो वर. "आजोबा, हा उलटा चालतो!"

नवरा पाटीवरून गुरुत्वमध्य समजावून सांगू लागला. बाबांनी खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात चष्म्याच्या शेजारी ती असतेच, लग्नकार्यातही. शंकूच्या टोकावर धाकट्याला बोट ठेवायला सांगितलं. खालच्या टोकाला असताना टेबलापासून ते टोक किती उंच, ते मोजलं. मग शंकू ‘वर’ जाऊ दिला आणि पुन्हा मोजलं.

"किती आलं?"

"कमी आलं."

"किती कमी?"

धाकट्याला पट्टीवरच्या इंचाच्या बाजूच्या रेघा वाचता येत नव्हत्या. बाबांनी शिकवल्या: एका इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. शंकूचं टोक दोन सूत खाली आलं होतं. रूळ वर चढत होते, पण ते फाकत असल्यामुळे शंकू त्यांच्या मधे रुतत रुतत खाली चालला होता. म्हणजे तो उलटा नव्हता चालत, सरळच चालत होता, घरंगळणारी कुठलीही वस्तू चालते तसा. आपले डोळे रुळांकडे बघत होते एवढंच. धाकट्याने नंतर दिवसभर प्रत्येक गोष्ट सुतात मोजली. वडापाव अठरा सूत जाड होता. वडा धरून.

आईची गोष्ट वेगळी. तिला विज्ञानाशी काही देणंघेणं नाही असं ती स्वतःच सांगते. पण समोरासमोर लांब ठेवलेल्या दोन मोठ्या तबकड्या असतात ना, एकीकडे तोंड करून कुजबुजलं की दुसरीकडे कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं, तिथून तिला हलवता हलवेना. तबकडीचा आकार अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) असतो, तिच्या नाभीपाशी (फोकसपाशी) केलेला आवाज तबकडीवरून समांतर निघतो आणि पलीकडच्या तबकडीच्या नाभीत गोळा होतो, वगैरे मी सांगितलं. आईने मान डोलावली आणि तबकडीत तोंड घालून नातीला, आजोबांच्या चहात साखर घालू नकोस, तो गोड लागत नाही म्हणाले तरी घालू नकोस, अशी सूचना दिली. मधल्या गर्दीत उभ्या असलेल्या बाबांना काहीही ऐकू आलं नाही. या यंत्राचा याहून नेमका उपयोग मी पाहिलेला नाही.

दुपारी बागेतल्या बाकावर डबे उघडले तेव्हा मी बाबांना फ्रँक ओपनहायमरची गोष्ट सांगितली. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा हा धाकटा भाऊ, तोही भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता हे १९४९ मध्ये उघड झालं आणि विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोत त्याने गुरं पाळली, गावातल्या हायस्कुलात मुलांना विज्ञान शिकवलं. पुढे युरोपात गेला तेव्हा म्युनिकचं डॉइचेस म्युझियम आणि पॅरिसचं पॅले द ला देकुव्हर्त पाहिलं. म्युनिकचं संग्रहालय ऑस्कर फॉन मिलर या वीजअभियंत्याने १९०३ मध्ये सुरू केलेलं. यंत्रं काचेच्या मागे ठेवण्यापेक्षा लोकांना ती चालवू द्यावीत, हा विचार तिथे होता. फ्रँकने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उभं केलं ते अशा ठिकाणांहून काही शिकून आणि काही स्वतःच्या डोक्याने. त्यातले प्रयोग कसे बांधायचे याच्या कृती त्याच्या संस्थेने पुस्तकरूपाने छापल्या, कुणीही करा म्हणून. म्हणूनच जगातल्या कुठल्याही विज्ञान केंद्रात गेलं तरी काही प्रयोग ओळखीचे भेटतात.

बाबा पोळीचा घास घेत ऐकत होते. त्यांना आवडलं ते वेगळंच. एक्स्प्लोरेटोरियमचं वर्कशॉप प्रेक्षकांना दिसेल असं उघड्यावर ठेवलं होतं. लेथ, वेल्डिंग, सुतारकाम, सगळं लोकांसमोर.

"लोकांच्या समोर?"

"हो. प्रयोग मोडले की दुरुस्तही तिथेच."

"मग काम चांगलं होत असणार. मागे कुणी उभं असलं की माणूस घाई करत नाही."

फ्रँक ओपनहायमर गेला ते साल १९८५, म्हणजे वरळीची इमारत उघडली तेच. आपल्याकडे मात्र त्याच्याही आधीपासून हे काम चालू होतं. कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय १९५९ चं. तिथून १९६५ मध्ये विज्ञानाचं फिरतं प्रदर्शन बसमधून खेडोपाडी जाऊ लागलं. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद झाली आणि ती आपले प्रयोग आपल्याच कार्यशाळांमध्ये बनवत आली. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर बाबांनी डबा बंद केला आणि सकाळी बघितलेल्या गियरच्या भिंतीकडे मला पुन्हा घेऊन गेले. गियर फिरवला, कान जवळ नेला. "बघ, आवाज नाही. आत बेअरिंग टाकलंय. शंभर पोरं रोज लोंबकळणार हे ज्याने बनवलं त्याला ठाऊक होतं." बाबा सहसा कुणाच्या कामाची इतकी तारीफ करत नाहीत.

दुसऱ्या एका शहरातल्या नव्याकोऱ्या केंद्रात (नाव कशाला घ्या) आम्ही मागे गेलो होतो. तिथे कप्पीचा प्रयोग पडद्यावर होता. काचेवर बोट लावलं की चित्रातला दोर ओढला जायचा, चित्रातलं वजन वर जायचं आणि कोपऱ्यात बलाचा आकडा यायचा. आकडा बरोबर होता. पण एका कप्पीने ओढा नाहीतर चार कप्प्यांनी, बोटाला दोन्ही सारखंच. पडदे वाईट असं मला म्हणायचं नाही. गुरूचे उपग्रह दाखवायचे तर पडद्यावरच दाखवावे लागतील, ते काही कुणाला हातात आणून देता येत नाहीत. पण कप्पी आणता येते. हातात येण्यासारखी गोष्ट काचेमागे ढकलायची आणि त्याला आधुनिक म्हणायचं, हे मला पटत नाही. खर्च वाचतो, मोडतोड होत नाही, ही खरी कारणं असतात, आणि ती कारणं म्हणून मला समजतातही.

वरळीच्या बागेतल्या दोरखुर्च्यांपाशी थोरलीचा मोबाइल पहिल्यांदा खिशात गेला. खुर्चीत बसायचं आणि समोरचा दोर ओढून स्वतःलाच वर उचलायचं. कप्प्या जितक्या जास्त तितकं ते सोपं. एक कप्पीवाल्या खुर्चीत तिला दात-ओठ खावे लागले. जास्त कप्प्यांच्या खुर्चीत ती सरसर वर गेली आणि तिथून आमच्याकडे विजयी मुद्रेने बघायला लागली.

"हलकं लागलं?" बाबांनी खालून विचारलं.

"एकदम."

"दोर किती ओढलास?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. खुर्ची जमिनीपासून जेमतेम हातभर वर गेली होती आणि मांडीवर दोराचं वेटोळं गोळा झालं होतं. बाबांनी तिला खाली यायला सांगितलं, पुन्हा तेवढंच वर जायला सांगितलं, आणि या वेळी हातात येणारा दोर हाताने मोजायला लावला. चार हात भरला. मग खुर्चीला तोलून धरणारे दोर मोजायला सांगितले. तिने तीन मोजले.

"हातातला?"

"तो तर मी ओढतेय."

"आणि तो तुला धरत नाही? सोडून बघ."

सोडून बघितलं नाही, पण पटलं. हातातला धरून चार. म्हणून ओझं चौथाई आणि म्हणून दोर चौपट. इमारतींना रंग देणारे दोराच्या पाळण्यात बसून स्वतःलाच वर ओढतात, त्यांच्या डोक्यावर एकच कप्पी असली तरी त्यांना अर्धंच वजन ओढावं लागतं ते याच हिशेबाने, हे बाबांनी सांगितलं. पाठोपाठ वागळे इस्टेटमधली चेनपुली आली. टनभर वजनाचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, एकटा माणूस लेथवर चढवायचा, पण तो वीतभर वर जायला साखळी कितीतरी वाव ओढावी लागायची. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला पहिले काही दिवस चेनपुलीवर ठेवत. त्याला वाटायचं आपली चेष्टा चाललीय.

थोरलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात यंदा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. खुर्चीतून उतरल्यावर ती काही वेळ गप्प होती, मग मला म्हणाली, "म्हणजे गुणाकार तोच राहतो." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग फुकट काहीच मिळत नाही की!" तिच्या आवाजात जराशी फसवल्याची भावना होती. बाबा म्हणाले, थोडं वरून जातंच, कप्पी पण आपला वाटा घेते. घर्षणाबद्दल एवढं छोटं वाक्य मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

बाबांची कंपनी बंद झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यावर ते फारसं बोलत नाहीत. हिशेब मिळाला, लोक पांगले, शेडच्या जागी काचेची इमारत आली. ठाण्यात हे इतक्या ठिकाणी झालंय की सांगण्यात नवल उरलेलं नाही. पोखरण रोडच्या रेमंडच्या जमिनीवर आता उंच मनोरे आहेत, कॅडबरीचं नाव चौकाला उरलंय. माझ्या मुलांना या गावात कुणी काही घडवताना दिसत नाही. माल कुरियरवाला आणतो, बिघडला तर परत जातो. लेथवरून निघणारी पोलादाची निळसर, गुंडाळत जाणारी सुरळी त्यांनी प्रत्यक्ष बघितलेली नाही, आणि ती गरम असते हे त्यांना सांगून कळणार नाही. मी लहानपणी जे शेजारच्या रस्त्यावर बघितलं त्यासाठी त्यांना दोन गाड्या बदलून वरळीला न्यावं लागतं. आणि तिथेही त्यांच्यासोबत दोर मोजायला लावणारा कुणीतरी असावा लागतो, हे मात्र मला त्याच दिवशी कळलं.

घरी आल्यावर प्रकरण वाढलं. थोरली आणि बाबा जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन कप्प्या आणि नायलॉनचा दोर घेऊन आले. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. भाजीची पिशवी गॅलरीतून वर ओढायचा बेत होता. चार दोरांच्या हिशेबाने किती दोर लागेल याचं गणित कागदावर मांडल्यावर, एवढा दोर गॅलरीत ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला आणि बेत दोन दोरांवर उतरला. पहिल्याच फेरीत दुधीभोपळा दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला आपटला. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले.

ते रागावले होते आणि त्यांचं बरोबर होतं. लिफ्ट असताना हे कशाला, असं त्यांनी विचारलं. थोरलीने त्यांनाच उलट विचारलं की लिफ्ट चार मजले चढते तर तिचा दोर गोळा कुठे होतो. सेक्रेटरी म्हणाले, ते मला काय माहीत. बाबा म्हणाले, गोळा होत नाही, दुसऱ्या टोकाला वजन लावलेलं असतं, लिफ्ट वर गेली की ते खाली येतं. रिकामी लिफ्ट आणि शिवाय जवळजवळ निम्म्या माणसांइतकं ते वजन असतं, त्यामुळे मोटरला फरकापुरतंच ओढावं लागतं. सेक्रेटरी दारातच उभे राहिले. मग म्हणाले, म्हणजे लिफ्टमध्ये एकटा माणूस असला तर?

"तर वर जाताना वजनच मदत करतं. खाली येताना मोटरला जोर लागतो."

"असं कसं?"

"मशीनरूम उघडलीत तर दाखवतो."

मशीनरूमची चावी लिफ्टच्या मेकॅनिककडे असते, तो मंगळवारी सर्व्हिसिंगला येतो, आणि त्याच्याशिवाय कुणालाही वर सोडायचं नाही असा नियम आहे, असं सेक्रेटरींनी सांगितलं. बाबा म्हणाले, मंगळवारी मला काही काम नाही. सेक्रेटरी जिना उतरता उतरता म्हणाले, माझा नातू पण येईल, सहावीत आहे.